उदयपुरात आम्ही बारडोलीकर

डिंडोली, सुरत
१६ नोव्हेंबर १९९४

तीर्थरूप प्रमिलावन्संना धाकट्या भावजयीचा, उषाचा, वाकून नमस्कार. (लांबूनच करते आहे, काळजी नसावी.)

तुमचे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? नसला गेला तरी चिंता नाही, तो अमळनेरचा खोकला आहे, त्याला कुणी नावं ठेवणार नाही. आमच्याकडे मिरचीच्या फोडणीने ठसका लागला तरी शेजारीण खिडकी लावून घेते, आणि मग तिच्या फोडणीला आम्ही आमची लावतो. बाकी प्लेग गेला. सरकारने सांगितलं, वर्तमानपत्रात आलं, गिरण्या पूर्वीसारख्या चालू झाल्या. आता तो फक्त नातेवाइकांच्या मनात उरला आहे.

तुमचं पत्र दिवाळीआधीच पोचलं. मार्गशीर्षात नीलमचं लग्न, हे पहिल्या पानावर वाचलं आणि मी दोन्ही मुलांना पेढे आणायला पिटाळलं. ती परत येईपर्यंत दुसरं पान वाचून झालं होतं. मुलाकडची मंडळी सुरतेचं नाव काढलं की दचकतात, तेव्हा लग्नाला येण्याची दगदग करू नका, आशीर्वाद तिथूनच द्या. मामा म्हणून नीलमला मांडवात आणायला चुलतभाऊ बन्सीलाल आहेच. पेढे मुलांनीच खाल्ले. तुमच्या भावाने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, तिच्या मुलीचं लग्न आहे, तिला बरोबर दिसेल ते ती करेल. मग जेवायला बसले आणि मोडलेली भाकरी बराच वेळ नुसती हातात धरून होते. (सख्खा मामा जिवंत, धडधाकट, गिरणीच्या रंगखात्यात मास्तर, आणि मांडवात बन्सीलाल! ज्याला स्वतःच्या लग्नात पुढे हो, पुढे हो म्हणून ढकलावं लागलं होतं, तो.)

तुमच्या काळजीबद्दल मला शंका नाही. सप्टेंबरात सगळं सुरत तोंडाला रुमाल बांधून मिळेल त्या गाडीने पळत होतं, तेव्हा आम्ही तुमच्याकडेच आलो, आणि तुम्ही आम्हाला परत पाठवलं नाही. गोठ्याशेजारची खोली दिली, ताटं वेगळी दिली, जेवण उंबऱ्यावर ठेवून हाक मारण्याइतकी माया दाखवली. मुलांना तर गोठा फार आवडला. हितेश अजून म्हणतो, आत्याच्या घरी गाय आपल्याजवळ यायची. तेव्हा मला राग आला नाही, खरं सांगते. लग्नानंतर इतकी वर्षं मला मूल होत नव्हतं, सगळं गाव काही ना काही बोलायचं, तेव्हा एकट्या तुम्हीच कधी बोलला नाहीत. चंचलच्या वेळी बाळंतपणाला आलात आणि तिला आंघोळ घालता घालता माझ्याहून जास्त रडलात. उंबऱ्यावरचं ताट उचलताना मला तेच आठवायचं, आणि भाजी जरा जास्तच खारट लागायची.

तर आता उदयपूरची हकिकत सांगते. दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत मार्केट बंद, गिरणी बंद, आणि अख्खं सुरत फिरायला जातं. आपण का जाऊ नये, असं तुमच्या भावाला वाटलं. महिनाभर मुलांनी फिनाईलचा वास घेतला, आता जरा तळ्यावरचा वारा घेऊ देत. मलाही मोह झाला. पाण्याच्या मधोमध पांढरा महाल असलेलं ते चित्र आमच्या वाण्याच्या कॅलेंडरवर वर्षभर पाहत होते आणि मनाशी म्हणत होते, एकदा त्या पाण्यात होडीत गप्प बसून राहायचं. (दोन मुलं बरोबर असताना गप्प! चाळिशी उलटली तरी माणूस किती भोळं असतं.)

अहमदाबादपर्यंत गाडी आणि पुढे एसटी. गाडीत तुमच्या भावाने मुलांना समोर बसवून बजावलं, कुणी विचारलं तर बारडोलीचे म्हणून सांगायचं, सुरतचं नाव काढायचं नाही. चंचल आठ वर्षांची, आणि शाळेत खोटं बोलू नये हा धडा नुकताच झालेला. तिने विचारलं, बारडोलीत आपलं घर कुठे आहे? साखर कारखान्याजवळ, ते म्हणाले. मग तुम्ही रंगखात्यात कसे? मग ते साखर कारखान्यात गेले. मग रोज साखर का आणत नाही? हिम्मतनगर येईपर्यंत आमचं बारडोलीत दोन खोल्यांचं घर, मागे ऊस आणि एक कुत्रा एवढा संसार उभा राहिला होता. हितेश पाच वर्षांचा, त्याला यातलं इतकंच कळलं की हे पाठ करायचं आहे. आणि त्याने पाठ केलं, स्वतःची थोडी भर घालून.

पहिल्याच लॉजमध्ये मॅनेजरने अजून मान वर केली नव्हती, तोच हितेश टाचा उंचावून म्हणाला, "हम बारडोली के हैं. हमको प्लेग नहीं है." मॅनेजरच्या पाठीमागे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या खिळ्यांवर लटकत होत्या. त्यांच्याकडे पाठ करून त्याने अतिशय विनयाने सांगितलं, की एकही खोली रिकामी नाही. दुसऱ्या लॉजमध्ये मी हितेशचं तोंड पदराने दाबून धरलं, तर मॅनेजर म्हणाला, बच्चे को उलटी है क्या? तिसरीकडे तो माझ्या कडेवर झोपला होता, म्हणून खोली मिळाली. तळ्याचं दर्शन होणारी खोली. दर्शन न्हाणीघरात होतं, बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की.

महालात काय पाहिलं ते मला विचारू नका. गाईड घोड्यांची, तलवारींची, आरशांच्या महालाची कथा सांगत होता आणि हितेशला प्रत्येक दालनात शू लागत होती. राजाच्या सिंहासनापुढे उभं राहून त्याने विचारलं, राजा कुठे जायचा? गाईडला ते ठाऊक नव्हतं. चंचल लढाईत मेलेल्या हत्तीसाठी रडली, मग घोड्यासाठी, आणि मग आपण उगाच रडलो म्हणून. आठ पिढ्यांचा इतिहास आम्ही संडास शोधत पालथा घातला.

आणि मग होडी. संध्याकाळची वेळ, पाणी सोनेरी, होडी माणसांनी भरलेली, अजून काठालाच बांधलेली. शेजारी एक गुजराती बाई, हातभर बांगड्या, मांडीवर खाखऱ्याचा डबा. तिने मोठ्या प्रेमाने हितेशच्या हातात खाखरा दिला आणि विचारलं, "क्यांना छो, बेटा?"

"अमे बारडोलीना. अमने प्लेग नथी," हितेश म्हणाला, आणि वाऱ्याने की खाखऱ्यावरच्या तिखटाने देव जाणे, सणसणीत शिंकला.

बाई हसली. एवढ्यावर निभावलं असतं. पण चंचलला इतक्या दिवसांचं खोटं सहन झालं नव्हतं. ती उठून उभी राहिली आणि सगळ्या होडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जूठुं बोले छे! अमे सुरतना छीए, डिंडोलीना!"

वन्सं, अख्खी होडी एकदम एका बाजूला झुकलेली तुम्ही कधी पाहिली आहे? सगळे एकाच वेळी उठले, एकाच वेळी रुमाल निघाले, होडीवाला ओरडतो आहे, अरे बैठो, डूब जाओगे, पण प्लेगपेक्षा बुडणं बरं अशा निर्धाराने मंडळी काठावर उड्या घेत होती. बाईने डबा तिथेच टाकला. होडीवाला उरला. त्याने आमच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, पागोट्याचं टोक नाकावर ओढलं आणि होडी सोडली.

म्हणून सांगते, पिछोल्याचं सबंध तळं आम्हाला एकट्यांना मिळालं. राजाला तरी मिळालं असेल का? मुलं खाखरे खात होती. तो कॅलेंडरातला महाल हळूहळू जवळ येत होता, आणि मी खरोखर गप्प बसले होते. तुमचे भाऊ महालाकडे पाहतच नव्हते. ते काठाकडे पाहत होते, उतरलेली माणसं अजून उभी होती तिकडे. मग घरच्या बोलीत हळूच म्हणाले, "मांडवमा बी असाच उठी जातीन का वं लोके? ताईनं काय खोटं शे?"

मी त्यांच्या हातात एक खाखरा ठेवला. चंचलने विचारलं, आता इथे कुणी नाही, आता सुरत म्हटलं तर चालेल का? ते म्हणाले, म्हण. मग दोन्ही मुलं उभी राहून त्या महालाकडे तोंड करून सुरत, सुरत म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडली, आणि तुमच्या भावाने डोळे पुसले. (वारा होता.)

तर असं उदयपूर. शहर सुंदर आहे म्हणतात. दाजींना नमस्कार, नीलमला माझे खूप आशीर्वाद, तुम्ही लिहिलंत तसे इथूनच.

तुमची,
उषा

ता. क. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहेराच्या साड्या भावाच्या ओळखीने मार्केटातून घेऊन वेळेवर पाठवा असं लिहिलं आहे. घेतल्या. व्याह्यांकडच्या बायकांना आवडतील. या साड्या सप्टेंबरात सुरतेतच होत्या, गोदामात, उंदरांच्या शेजारी. आम्ही तेव्हा अमळनेरला होतो. तरी साड्यांना मांडवात घेणार आहात आणि आम्हाला नाही, यात काही हिशेब असेल, मला तो जमला नाही.

ता. क. (आणखी एक) नीलमची मामाकडची पिवळी अष्टपुत्री साडी त्या आहेराच्या गठ्ठ्यात नाही. ती तुमच्या भावाने सुटीच्या दिवशी गिरणीत जाऊन स्वतः रंगवली आहे. मनासारखा पिवळा येईना म्हणून पुन्हा पुन्हा रंगवली. गठ्ठा पार्सलने पाठवत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही चौघं दोन्ही घेऊन येत आहोत. मामाला मांडवात उभं करायचं नसेल, तर स्टेशनवर येऊन तुमच्या भावाच्या तोंडावर सांगा. तेवढं जवळ मात्र यावं लागेल.