उलटी पावलं

ती. आईस,

पुण्याहून शाल्मलीचा वाकून नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

मी बरी आहे, पोटभर जेवते. तुझं बीपी कसं आहे? दादा नुसतं ‘सब ठीक है’ म्हणतो आणि मला धडकीच भरते.

तुला न विचारता नोकरी सोडून ज्या क्लासला आले, तिथे मी गौरीची पावलं थ्रीडीत घडवली. फोनचा कॅमेरा फरशीकडे धरला की स्क्रीनवर कुंकवाची पावलं उमटत जातात. सर खूश झाले. मी मात्र पावलांची बोटं कुठे वळलीत ते पाहिलं. पावलं दाराबाहेर चालली होती. गौर निघून जात होती, आई! सरांना ते कळलंच नाही.

उद्या सगळ्यांसमोर दाखवायचंय. आत्ता कुठे पावलं वळलीत, पण उंबऱ्याशी थांबतात. तिथे तू विचारतेस ना, ‘गौर कशाच्या पावलांनी आली?’, तो आवाज हवा. मैत्रिणींनी तुझ्यासारखं विचारून पाहिलं. मी कुणाचाच आवाज घातला नाही.

गौरीला घरी, झाशीला येतेय. दारातच उभी राहीन.

विचारशील ना?

तुझीच,
शाल्मली