घड्याळातून निघालेली वाट

बाई, तुम्ही देवाघरी गेल्यावर घड्याळं पार बदलली. माझ्या मनगटावरचं घड्याळ मी कुठून निघाले, कुठं वळले, छातीचे ठोके किती पडले, सगळं टिपतं. केडगावात मी बायकांचा पळण्याचा वर्ग घेते. त्याची एक साधी वेबसाईट आहे, एकदा लिहिलेली पानं तशीच राहणारी. ती जिवंत वाटावी म्हणून मी तिला एक प्लगइन, म्हणजे वरून बसवायचा छोटा प्रोग्राम, जोडलं. तेव्हापासून मी पळून आले की घड्याळातली नोंद आपोआप त्या पानावर चढायची, रस्त्याच्या नकाशासकट. ते जमलं तेव्हा मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात पळायला निघाले, तर कोपऱ्यावर एक माणूस मोटरसायकलला टेकून उभा होता. कधी न पाहिलेला. हसून म्हणाला, "मॅडम, आज उशीर केला. काल चढाला ठोके लई वाढले हुते तुमचे." अंगावर पाल पडावी तसं झालं. माझी धडधड त्यानं घरी बसून वाचली होती. नकाशावरची रेघ रोज माझ्या फाटकापाशी सुरू होते आणि तिथंच संपते, हे मला तेव्हा उमगलं. घरी येऊन प्लगइन काढलं, जुने नकाशे पुसले, तरी पुन्हा पुन्हा हात धुवावेसे वाटत राहिले. नवरा म्हणाला, मग लोकांपुढं टाकायचंच कशाला? त्या माणसाइतकीच मला या वाक्याची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

तुम्ही आम्हाला पळायला शिकवायचात ते राहात्याच्या शाळेचं मैदान आठवतं. कुंपणाच्या भिंतीवर एक जण रोज येऊन बसतो. आम्ही पोरी ओढण्या सावरत, अंग चोरून पळतो. एक दिवस तुम्ही सरळ जाऊन त्याच्या शेजारी भिंतीवर बसता, आणि तिथून आम्हाला म्हणता, "तुमी पळा. बघनाऱ्याकडं मी बघते." तो थोड्या वेळानं उठून गेला, परत आला नाही. आम्हाला मात्र कुणी घरी बसा म्हणालं नाही.

मी पोलिसांत अर्ज दिला. वर्गातल्या बायकांना सगळं सांगितलं, जोडीनं पळा म्हणाले, आणि त्या पळतातही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक खरी गोष्ट लिहिता येते. मी अजून गच्चीवरच फेऱ्या मारते, बाई. वर्गात सांगितलंय, गुडघा दुखतो.