दिव्याची वायर

एलादिया वहिनी,

स्वयंपाकघरातला दिवा लागणार नाही, त्याची वायर मी होडीच्या मोटरीला घेतली.

दादाची रिकामी होडी लोकांनी ओढून आणली, तेव्हापासून बंद पडलेल्या मोटरीचं झाकण उघडायचा धीर होत नव्हता. आज उघडलं. टेपखाली वायरीचा नुसता हिरवा भुगा. दादाने बदलायला सांगितली होती. मी वरून नवी टेप गुंडाळली आणि म्हणालो, "बदलली रे, जा बिनधास्त!"

दादा बेपत्ता झाल्याला आज अकरावा दिवस, सोबत यायला कोणी तयार नाही. एकटाच शोधायला जातोय. पाद्रीबाबा मेलेल्या माणसासाठी करतात त्या नऊ रात्रींच्या प्रार्थनेचं विचारतील, तुला वाटेल ते सांग. नारळभात झाकून ठेवू नकोस, उशीर होईल.

वायर या वेळी खरंच बदललीय. मोटर एका झटक्यात सुरू होते.

नेस्तोर