माशांच्या दाराला आतून कडी

आंघोळीची बादली, कपडे भिजवायचा टब आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकाचं मोठं पातेलं तुझ्या माशांनी अडवलंय आणि घरातली आम्ही तिघं ओल्या फडक्याने अंग पुसून दिवस काढतोय, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला हसू येणार नाही. आता रीत पाळते. धाकट्या भावाला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, माझ्याकडे जेवढा उरलाय तेवढा. तू बरा असशीलच. स्वतःचे मासे दुसऱ्याच्या दारात सोडून जाणारी माणसं बरीच असतात. तुझ्या बायकोची कंबर कशी आहे ते कळव. फोन केला की तू मधेच हसतोस, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीला सुटली, तेव्हा अक्षर लावून लावून वाच. मला लिहायला वेळ लागलाय, तुलाही लागू दे.

मासे आणलेस तेव्हा तू काय म्हणाला होतास, आठवतं? ‘दाजींना विरंगुळा होईल, ताई. चिमूटभर खाणं टाकायचं आणि बघत बसायचं.’ तुझ्या दाजींना बघत बसायला मासे लागत नाहीत. लोक तयार लोखंडी दारं आणायला लागले आणि त्यांचा दारं-खिडक्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून ते खुर्चीत बसून समोरची भिंत बघत होते. भिंतीला खाणं टाकावं लागत नाही, एवढाच फरक. (दाढी तेव्हा पार छातीला टेकली होती. सासूबाई त्यांना ‘महाराज, दर्शन झालं’ म्हणायच्या. स्वतःच्या लेकाला.) मग एका सकाळी ते उठले, तुझ्या काचेच्या पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, ‘जागा कमी आहे यांना.’ इतक्या महिन्यांत तोंडातून निघालेलं पहिलं अख्खं वाक्य. मला वाटलं आमच्या बेडरूमबद्दल बोलताहेत.

तर ठरलं असं की मागच्या अंगणात लाकडाचं तळं करायचं. कारखान्यातून आणलेल्या फळ्या माळ्यावर होत्याच. दुकानदाराने सांगितलं, आतून जाड प्लॅस्टिकचं कापड अंथरा, म्हणजे गळणार नाही. हे म्हणाले, मी जन्मात लाकडाला पिशवी घातली नाही. बरं बाबा. ज्या माणसाने आयुष्यभर दारंच केली तो तळं करायला गेला की काय करणार? दारच करणार. आधी चौकट उभी राहिली. मग उंबरठा. मग म्हणे एका बाजूला खिडकी हवी, आईला बसल्या जागी मासे दिसतील. खिडकीला काच कुठली? तुझ्या पेटीची. पेटी मोडली, मासे ‘आजच्या संध्याकाळपुरते’ माझ्या बादलीत आले. वरून मांजर येईल म्हणून झाकण, झाकणाला बिजागऱ्या, आणि झाकणाला कडी. बाहेरून एक. आतून एक. मी विचारलं, ही आतली कोण लावणार? त्यांनी कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘लावलेली बरी.’

फळ्यांमध्ये मात्र फटी ठेवल्या. कारण लाकूड पाण्याने फुगतं, त्याला फुगायला वाव हवा, नाही तर दार अडकतं. हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. आमच्या घरातल्या एकेका दाराखालून उंदीर मान ताठ ठेवून जातो तो याच कारणाने. तळ्यात पाणी सोडलं. तळं कोरडं राहिलं आणि अंगणाचं तळं झालं. तिथून पाणी स्वयंपाकघरात आलं, पायपुसणं घेऊन बाहेर पडलं. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, तळं छान झालंय, फक्त आपण त्याच्या आत राहतोय. हे नळी धरून उभे. ‘फुगेल.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी. ‘फुगेल.’ शेजारीण कुंपणावरून विचारायला लागली की तुमचे हे झाड लावताहेत का.

आणि मेलं फुगलं. फटी मिटल्या, पाणी थांबलं, एक थेंब बाहेर नाही. मी काही बोलले नाही. (माझ्या न बोलण्याचं त्यांना एवढं कौतुक वाटलं की दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.) मासे आत गेले. सासूबाई खिडकीपाशी खुर्ची टाकून बसल्या आणि त्यातल्या पट्टेवाल्याचं नाव हवालदार ठेवलं, कारण तो दिवसभर फिरतो आणि काम काही करत नाही.

पण झाकण बसवायचं राहिलं होतं, आणि इथे माझी जीभ आड आली. मी फटींवरून इतकं टोचलं होतं की त्यांनी रागाने झाकणाला फट ठेवलीच नाही. केस जाणार नाही असं बसवलं. दोन दिवसांत तेही फुगलं आणि चौकटीत असं रुतलं की उघडेना. आत मासे, बाहेर खाणं, मधे तुझे दाजी. मासे काचेला तोंड लावून आमच्याकडे बघताहेत आणि सासूबाई त्यांना सांगताहेत, ‘आतली कडी काढा रे.’ शेवटी यांनी पहार घातली. झाकण निघालं, पण एकटं नाही निघालं, कोपऱ्याचा सांधा घेऊन निघालं. सगळं पाणी अंगणात आणि पाण्यात तुझे उष्ण मुलखातले मासे, चिखलात उड्या मारताना. ते मी वेचले. पदरात. मी, जिला मासा हातात धरवत नाही. हवालदार माझ्या ब्लाऊजच्या बाहीत सापडला.

आता पहाटे गारठा पडायला लागलाय. असल्या पाण्यात हे मासे टिकत नाहीत म्हणे. सासूबाईंनी त्यांची शाल टबावर टाकलीय. हे पुन्हा सांधा करताहेत, दिवसभर ठोकठोक. मला हे जमणार नाही. येत्या रविवारी ये आणि तुझे मासे घेऊन जा. माझी बादली मला परत दे.

तुझी,
थोरली

ता. क. वरचं सगळं यांना वाचून दाखवलं. म्हणाले, एक दुरुस्ती कर, ‘फट’ नाही, ‘जागा’ लिही. बाकी तक्रार नाही. मग दाढी करायला गेले.

ता. क. दुसरा. हे मी वाचून दाखवलेलं नाही, पाकीट चिकटवायच्या आत घाईने लिहितेय. मासे जाणार म्हटलं की यांची हातोडी जोरात चालते. कालपासून जेवायलासुद्धा हाक मारावी लागत नाही, स्वतः येतात आणि सांध्याबद्दल बोलतात. ते मासे गेले तर हा माणूस पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसेल, आणि यावेळी मी उठवू शकणार नाही. तेव्हा रविवारी ये, पण रिकामा डबा घेऊन येऊ नकोस. पाणी कोमट ठेवायची ती काचेची कांडी आण, जी मासे देताना तू ‘विसरला’ होतास. मी मागितली म्हणू नकोस. आल्यावर झाकण दोनदा उघडमीट करून बघ, मान हलव आणि म्हण की असं घर सोडून मासे कुठे नेऊ. आतल्या कडीबद्दल एक शब्द काढलास तर याद राख.

पण आधी ‘मासे न्यायला येतोय’ असं रागावून लिही, म्हणजे यांचा हात चालता राहील. तुझं उत्तर गुरुवारी इथे पोचलं पाहिजे. आणि खरंच नेलेस, तर तूही टबात बसशील.