ओला टॉवर माझ्या माथी मारल्याबद्दल

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
वायू विलगीकरण कारखाना.

विषय : माझे निलंबन रद्द करून उत्पादन व्यवस्थापकांना पाइपला हात लावायला लावणेबाबत.
संदर्भ : 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा' या शीर्षकाची आपली नोटीस.

महोदय,

१. मी एकोणीस वर्षे हवा सुकवण्याच्या विभागात आहे. आमच्याकडे पाणी शोषणाऱ्या दाण्यांनी भरलेले दोन टॉवर आहेत. एक हवा सुकवतो, तोवर दुसऱ्यात गरम कोरडा वायू सोडून त्याचे दाणे वाळवतात. दाणे वाळले की तो वायू बाहेर पडण्याचा पाइप तापतो. त्यावर दहा मोजेपर्यंत हात टिकला, तर आत पाणी आहे. यासाठी तापमापक होता. तो दुरुस्तीला गेला आणि तिकडेच रमला.

२. वाळवायला चार तास लागतात. उत्पादन वाढावे म्हणून व्यवस्थापकसाहेबांनी अडीच तासांचा तोंडी हुकूम दिला. मी लेखी मागितला, तेव्हा घरच्या माणसाकडे कागद कसले मागता, असे म्हणाले. ते माझे साडू आहेत. मी तोंडी हुकूमच पाळला, ही चूक मला मान्य आहे.

३. नवव्या दिवशी ओल पुढच्या अतिथंड यंत्रात शिरली, बर्फाने नळ्या तुंबल्या आणि कारखाना बंद पडला. साहेबांच्या अहवालात मी पाळीत झोपलो होतो असे आहे. महोदय, मी पाइपवर हात ठेवून उभा होतो आणि पंचवीसपर्यंत मोजले होते. तसे त्यांना फोनवर कळवलेही होते.

४. अर्जात राग दाखवू नये, असे आपल्या कार्यालयातील लेखनिकांनी सुचवले. पण मला राग आला आहे. एकोणीस वर्षांचे नाव त्यांनी एका ओळीत धुळीला मिळवले, त्यामुळे नुसते कामावर परत घेऊन माझे समाधान होणार नाही. चौकशी टॉवरजवळच घ्यावी. अडीच तासांनी साहेबांनी सर्वांसमक्ष पाइपवर हात ठेवून मोठ्याने मोजावे. चार तासांनी पुन्हा मोजावे. हातमोजे देऊ नयेत. दोन्ही आकडे अहवालात माझ्या झोपेच्या जागी लिहावेत. मला समोर एक खुर्ची मिळावी.

५. साहेब असा हुकूम दिल्याचे नाकारतील. परंतु गेल्या रविवारी आमच्या दोघांच्या सासुरवाडीत जेवताना, मी तोंड लपवून घरी बसलो असता, त्यांनी हसत सांगितले की अडीच तासांची युक्ती आपलीच, निस्तरायला साडू कामी आला. त्यांनी ते जेवणाऱ्यांना सांगितले. वाढणाऱ्यांनीही ऐकले.

तरी सोबतचा जबाब साहेबांसमोर मोठ्याने वाचावा, ही विनंती.

आपला नम्र आणि त्या पाळीत पूर्ण जागा असलेला,
(सही)
निलंबित ऑपरेटर
दि. १२ मार्च

सोबत :
१. पाइपवर मोजलेल्या आकड्यांची माझी वही.
२. जेवतानाच्या बोलण्याचा जबाब. पहिली सही माझ्या पत्नीची, दुसरी तिच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे साहेबांच्या पत्नीची. मजकूरही धाकटीनेच लिहिला आहे. अक्षर साहेब ओळखतील.