विनूची तारीख

२० नोव्हें. १९७१
अमेरिकेहून विनूचं पत्र. मार्थाने घटस्फोटाचा दावा लावलाय. १७ डिसें.ला कोर्टात बोलावणं. मिनी कोणाजवळ राहणार, विनूला तिला भेटता येणार की नाही, हे जज ठरवणार. चार वर्षांची नात, मी फोटोतच पाहिलेली. विचारतो, "बाबा, तुमचा जन्म कोर्टात गेला. काय करू?" किती वर्षांनी पोराने काही विचारलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२२ नोव्हें.
चार पानी उत्तर टाकलं. पेशकार होतो, जजसाहेबांच्या पुढ्यात बसून तारखा मीच द्यायचो. मला नाही तर कोणाला कळणार? लिहिलं, पहिल्या तारखेला काही होत नसतं. त्यासाठी कामावर खाडा करू नकोस. तब्येतीचा अर्ज पाठव, तारीख वाढेल. तोवर मार्थाचा राग निवेल. वकील पुढच्या तारखेला पाहू.
विनूची आई सुशी आज असती तर म्हणाली असती, मला नाही कधी एवढं मोठं पत्र लिहिलं.

२९ नोव्हें.
गुडघे. बाहेर पडलो नाही. पनागरची भाजीवाली दारावर आली, मटार घेतले. एकट्याला पाव किलो पुष्कळ. सोलताना मनात विनूशीच बोलत होतो.

४ डिसें.
लढाई सुरू. ब्लॅकआउट. शेजारच्या सुमनने येऊन खिडक्यांना काळे कागद लावून दिले. नवरा फॅक्टरीत, ओव्हरटाइममुळे तीही एकटीच. संध्याकाळी पुन्हा आली. "काका, कंदील काहून लावून राहिले? दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या आहेत ना इथं." विझवला. आमच्या दीक्षितपुऱ्यात एवढा अंधार कधी पाहिला नव्हता.

७ डिसें.
नेपियर टाउनला शास्त्रींकडे. ते अमेरिकेत चार वर्षं शिकवून आलेले. मी ऐटीत आपला सल्ला सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला.
"असं काहून लिहिलं तुम्ही?"
तिकडे तारीख म्हणजे तारीख, म्हणाले. जज सकाळी वेळेवर खुर्चीत. नुसत्या अर्जाने भागत नाही. एक बाजू आली नाही तर दुसरीचं ऐकून हुकूम देऊन मोकळा होतो. कित्येक ठिकाणी तर जज मतं देऊन लोकांनीच निवडलेला असतो, तो कामं लांबवत नाही. मी विचारलं, आणि ते ज्यूरीचे बारा पंच? त्यांना दया येणार नाही? "पोरांच्या मामल्यात बहुतेक जज एकटाच असतो."
पायीच परत आलो. गुडघ्यांची आठवण घरी आल्यावर झाली.

८ डिसें.
तारघर. तार केली: कोर्टात जरूर जा, वकील ने, माझं पत्र मानू नकोस. तारबाबू म्हणाला, "भेज देंगे, बाबूजी. पर कब पहुँचेगा, कह नहीं सकते. अभी फौज का काम पहले है." त्याचंही बरोबरच. तरी तिथेच बाकावर बसून राहिलो, तो 'घर जाइए' म्हणेपर्यंत.

१२ डिसें.
सगळी गल्ली रेडिओला कान लावून. मी मात्र देवाला म्हणतो, माझं पत्र हरवू दे. विनू आपल्या अकलेने जाईल तर हजर राहील. पण पत्र लढाईच्या आधी निघालं. पोचलंच असणार. आणि या एकाच बाबतीत तो माझं ऐकेल.

१७ डिसें.
काल ढाका पडलं. गल्लीत पेढे. घरात बसवेना म्हणून जुन्या कोर्टात गेलो. माझ्या जागेवर आता तिवारी. शिपायाने कोणाचं तरी नाव पुकारलं, कोणी आलं नाही. तिवारीने मान वर न करता तारीख दिली. मीही अशीच द्यायचो. साहेब अजून चेंबरमध्येच होते. उशिरा येणाऱ्या साहेबांच्या नावाने मी जन्मभर बोटं मोडली.
आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ. दिवेलागणीला देवापुढे बसलो. मागणं एकच, तिकडच्या साहेबाला आज उशीर होऊ दे.

२३ डिसें.
काळे कागद काढले. विनूकडून काही नाही. मिनीचा फोटो उजेडात पुन्हा पाहिला. हनुवटी सुशीची आहे. हे विनूला कधी लिहायचंच राहिलं.
सुमन कढी घेऊन आली. "काका, विनूभैयाच्या केसचं काय झालं?"
सवयीने तोंडातून निघालं, "तारीख पडली असेल."
"चला, मग काही काळजी नाही," म्हणाली आणि निश्चिंत मनाने गेली.
कढी निवून गेली. दार उघडंच ठेवलंय, पोस्टमन अजून यायचाय.