माझ्या आईच्या आवाजाची व्यवस्था

मी, सिसिली मेरी प्रुएट, माहेरची गार्बट, वय सत्तर, राहणार लीड्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहून दिलेले नाही. हे मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही. सांगणारे होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

माझे दिवंगत पती प्राध्यापक लायनेल प्रुएट यांच्यासोबत पूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ‘घरातील सर्व ध्वनिमुद्रणे विद्यापीठास द्यावीत’ असे एक वाक्य त्यात आहे. त्या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप.

माझी व्यवस्थापक म्हणून मी माझी भाची रूथ गार्बट हिला नेमते. ती अजून थॉर्नगिलला आमच्या शेतावर राहते, मेंढ्या पाळते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. तिसरा गुण मला विशेष महत्त्वाचा वाटतो.

१. लीड्सचे घर लायनेलच्या बहिणीच्या मुलांना द्यावे. घर त्याच्या पैशाचे आहे. मला त्यातली फक्त स्वयंपाकघराची खिडकी आवडत होती आणि ती काही काढून देता येत नाही.

२. शाळेत शिकवून मी जे साठवले ते रूथचे. त्यातून आधी एक दगड घडवून घ्यावा. त्याविषयी शेवटच्या कलमात लिहिले आहे.

३. लायनेलची पुस्तके आणि शब्दकोश विद्यापीठाने न्यावेत. पुस्तकांवर माझा राग नाही. त्याने लिहिलेले पुस्तकही न्यावे. त्यात पान उघडताच माझ्या आईचे एक वाक्य छापलेले आहे आणि खाली ‘उत्तरेकडील एक शेतकरीण’ असे लिहिले आहे. छापलेले मला पुसता येत नाही.

४. डॉ. नायजेल हॉलम, लायनेलचा आवडता विद्यार्थी, यांना लायनेलची छत्री द्यावी. लायनेलच्या अंत्यविधीनंतर पंधरवड्याच्या आत ते फळांचा केक घेऊन आले होते. केक चांगला होता, म्हणून छत्री.

“बाई, ती टेप म्हणजे ठेवा आहे,” ते म्हणाले. “आता सगळं संगणकावर चढवतोय आम्ही. जगात कुठूनही ऐकता येईल. तुमच्या आई अमर होतील.”

“तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली, नायजेल,” मी म्हणाले. “आता तरी तिला नीट मरू दे.”

त्यांना वाटले मी विनोद केला. ते हसले आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

त्यांच्याकडे टेपची नक्कल नाही. मूळ टेप लायनेल कोणाच्या हाती देत नसे, व्याख्यानालाही स्वतः घेऊन जाई. ती आता माझ्या कपाटात, हिवाळी लोकरी कपड्यांखाली आहे.

५. आईच्या वस्तू रूथला: चिंध्यांची सतरंजी, जिच्यात माझा शाळेचा निळा कोट आणि वडिलांची रविवारची विजार दोन्ही विणलेली आहेत, त्या चिंध्या कापायची मोठी कात्री, आणि चहाचा एक चमचा, दांड्याशी थोडा वाकलेला. कात्रीला धार लावून ठेवली आहे. तिचे काम आहे.

चमच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

सत्तावन्न साली मी कॉन्व्हेंटच्या कॉलेजातून शिक्षिका होऊन घरी आले होते. लायनेल तेव्हा खेड्याखेड्यांतून जुनी बोली गोळा करत हिंडायचा. मीच त्याला घरी चहाला आणले. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे टेपचे मशीन त्याने आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, हॅम आणि लोणच्याच्या बरणीच्या मधे ठेवले. त्यांच्या कामात एक नियम असतो. जो शब्द हवा तो विचारणाऱ्याने उच्चारायचा नाही. समोरच्याच्या तोंडून तो आपसूक यायला हवा. त्या दिवशी त्याला ‘इनफ’ हवा होता, म्हणजे आपला ‘पुरे’.

“मिसेस गार्बट,” तो म्हणाला, “समजा, मी तुमच्या कपात चहा ओततोय, ओततोच आहे, आणि तुम्हाला आणखी नकोय. तर काय कराल?”

आईने चमचा कपावर आडवा ठेवला.

“नाही नाही, तोंडाने काय म्हणाल?”

“तोंडाने कशाला? आडवा चमचा दिसला की माणूस ओतायचं थांबतं. तुमच्याकडे काय आंधळे लोक चहा ओततात?”

माझा भाऊ मार्टिन दारात बूट काढत होता. “आई, दे गं त्याला एखादा शब्द. बिचारा उपाशी दिसतोय.”

“घे बाबा शब्द,” आई म्हणाली. “चहा असेल तर इनीफ. मेंढ्या असतील तर इन्यू. मेंढ्यांना इनीफ म्हणालास तर मेंढ्यासुद्धा हसतील तुला.”

टेपवर माझे हसणे आहे. मी एवढ्या मोठ्याने हसत असे हे मला आता खरे वाटत नाही.

परत जाताना मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. तो आनंदाने वेडा झाला होता. म्हणाला, एके काळी सगळे इंग्लंड असेच बोलायचे. जे मापायचे त्याला एक शब्द आणि जे मोजायचे त्याला दुसरा. शहरांनी एक टाकून दिला, तुझ्या आईने दोन्ही जपले. हजार वर्षांपूर्वी तो शब्द ‘गेनोग’ होता. शेवटचा आवाज घशातून, खाकरल्यासारखा यायचा. पुढे घशातला आवाज गेला, लिहिण्यात त्याची अक्षरे तेवढी उरली. आणि त्याच्याही मागे, अगदी मुळाशी, त्याचा अर्थ होता पोहोचणे. हात लांब केला आणि वस्तू हाताला लागली, म्हणजे पुरली. सुरुवातीला त्यात रेलचेल असायची, ‘पुरे’ म्हणजे भरपूर. शतकांमागून शतके तो आटत गेला आणि जेमतेमवर आला.

हे सांगताना त्याने हात लांब केला होता. फाटकाच्या अलीकडे मी होते. माझे लग्न त्या शब्दाने ठरवले असे म्हटले तरी चालेल.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲलॉयशस आम्हाला जेवणाच्या टेबलावर ‘इनफ’ म्हणू देत नसत. “तो गाडीवानांचा शब्द आहे, मुली. घोडा थांबवायला ठीक. तू ‘सफिशंट’ म्हण.” मी सुट्टीत घरी ते म्हणून दाखवले तेव्हा आई खुर्चीत वाकून वाकून हसली होती. “सफिशंट! पोट भरलं तुझं, का परीक्षा दिलीस?”

आमच्या खोऱ्यात कौतुक तोलून करतात. लग्नाच्या दिवशी आईने मला पांढऱ्या पोशाखात पाहिले, “बरी दिसतेस, इनीफ,” म्हणाली आणि भिंतीकडे वळून डोळे पुसले. त्याहून मोठे शब्द तिच्याकडे नव्हते, लागतही नव्हते. पुढे लायनेलही मला हाच शब्द वापरू लागला. माझा स्वयंपाक बरा, इनफ. माझे गाणे बरे, इनफ. त्याच्या तोंडी तो शब्द आपल्या शेवटच्या टोकाला पोहोचलेला असे, जेमतेमच्या.

लग्नाला तीन वर्षे झाली तेव्हा लायनेलचा रेडिओवर कार्यक्रम झाला. त्याने गावात आधीच निरोप धाडला होता. अर्धे गाव शेजारच्या पोस्टगेटबाईंच्या स्वयंपाकघरात जमले आणि आईला मधल्या खुर्चीवर बसवले. मी इथे लीड्सला, या घरात, लायनेलच्या शेजारी बसून ऐकत होते. चमचा झाला, मेंढ्या झाल्या. गावात सगळे हसले असतील. मग लायनेलचा आवाज आला, “आणि आता एकाच वाक्यात ही दोन्ही रूपं ऐका.” आणि मग आई बोलली, खालच्या आवाजात. लायनेल चहाला आला त्या दिवशी मी दूध काढायला बाहेर गेले होते, तेव्हाचे ते बोलणे.

“पोरं इन्यू झाली मला. दूध इनीफ नव्हतं.”

माझ्या आणि मार्टिनच्या आधी तिला तीन मुले होऊन तान्हेपणीच गेली होती. तिच्या अंगावर दूध नव्हते. वडील त्या हिवाळ्यांत आजारी होते, गाय विकली गेली होती. हे मला माहीत नव्हते. मार्टिनलाही नव्हते. मला माझी भावंडे रेडिओवरून कळली.

“मशीन बंद केलंय असं तू तिला सांगितलं होतंस का?” मी विचारले. आईला मी ओळखते. मशीन चालू असताना ती हे बोललीच नसती.

“सांगावं लागतं कधीकधी. त्याशिवाय लोक मोकळे होत नाहीत.”

“लायनेल!”

“सिसिली, अख्ख्या उत्तरेत हे वाक्य दुसऱ्या कोणाकडे नाही. आणि नाव कुठे घेतलंय मी? दोन्ही रूपं किती स्वच्छ आली आहेत बघ.”

“रूपं नाहीत ती. माझी भावंडं आहेत.”

त्याला खरोखरच कळले नव्हते. मला राग त्याच्या खोटेपणाचा आला, पण मोडले ते या न कळण्याने.

पुढच्या शनिवारी मी थॉर्नगिलला गेले. आईने स्वयंपाकघरात नाही, पुढच्या खोलीत बसवले, पाद्री येतात तेव्हा बसवतात तिथे. सोनेरी काठाचे कप काढले होते.

“तुम्ही साखर घेता का?” तिने मला विचारले.

जन्मापासून तिने मला ‘तू’ म्हटले होते, आमच्या बोलीतले ते जुने, अंगणातले ‘तू’. त्या दिवसापासून तिने ते काढून घेतले. बोलीही काढून घेतली. माझ्याशी ती शब्द पुसून पुसून, शाळेतल्यासारखे बोलू लागली. मी म्हणाले, “आई, मला माहीत नव्हतं गं.” ती म्हणाली, “तुम्ही दमून आला असाल.” मी आणखी केक पुढे केला तर म्हणाली, “नको. मला सफिशंट झालं.”

तेरा वर्षे तिने मला ‘तुम्ही’ म्हटले. मार्टिनशी, कुत्र्याशी, कोंबड्यांशी जुन्या बोलीत बोलायची. मी फाटकातून आत आले की थांबायची. त्या माणसाला घरात मी आणले होते, आणि तिच्या हिशेबाने मशीनची दुसरी बाजू मी होते. लायनेलने तिचे एक वाक्य नेले. माझी अख्खी आई नेली.

आमच्या घरांत लग्ने मोडत नसत. मीही मोडले नाही. लायनेल व्याख्यानाला टेप घेऊन निघाला की मी त्याचा कोट झटकून देत असे आणि काही बोलत नसे. मोठमोठ्या सभागृहांत माणसे आईच्या मेंढ्यांना हसली आणि तिच्या मुलांचे वाक्य त्यांनी उतरून घेतले.

आईच्या शेवटच्या आजारात मी तिला सूप भरवत होते. ती बोलत नव्हती, कोणाशीच. वाटी अर्धी झाल्यावर तिने माझ्या हातातून चमचा घेतला आणि वाटीवर आडवा ठेवला. मग माझ्याकडे पाहिले. मी भरवायचे थांबले. तेवढेच. त्यात ‘तू’ होते की नव्हते, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. रूथला दिलेला चमचा तोच.

६. आता टेप.

रूथ, कपाटातले मशीन चालते. टेप सुरुवातीपासून लाव. तुझ्या मुलांना बसव. तुझी आजी कशी बोलायची ते त्यांना ऐकू दे, चमचा आणि मेंढ्या ऐकून पोटभर हसू दे. तुझा बाप दारात बूट काढताना ऐकू येईल. हा सगळा भाग तुमचा. तो विद्यापीठाला, नायजेलला किंवा आणखी कोणा सभ्य माणसाला देऊ नये.

मग मुलांना बाहेर पाठव. दार लागल्याचा आवाज येईल, ती मी, दूध काढायला निघालेली. त्यानंतर लायनेल म्हणतो, “झालं, मिसेस गार्बट. मशीन बंद केलं.” तिथे टेपला पांढरा दोरा बांधला आहे. तिथे थांब. पुढचे ऐकू नकोस. पुढे आई त्या तिघांची नावे घेते. एवढे मात्र लायनेलने कुठे वाजवले नाही. ती नावे मी इथे लिहीत नाही, कारण माणूस मेल्यावर त्याचे मृत्युपत्र कोणीही मागून वाचू शकते.

मी हे स्वतः का केले नाही, असे तू मनात म्हणशील. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मी तो तुकडा ऐकते. त्या तिघांना नावाने हाक मारणारे आईनंतर दुसरे कोणी नाही. मी आहे तोवर ती हाक राहू दे.

माझ्यानंतर आईची कात्री घे आणि दोऱ्यावर टेप काप. दोऱ्यापुढचा तुकडा थॉर्नगिलच्या चर्चच्या उत्तरेच्या भिंतीशी, जिथे आईने दर वसंतात कारण न सांगता फुले ठेवली, तिथे मातीत पुरावा आणि वर तो दगड बसवावा. दगडावर काही कोरू नये.

लायनेल खोटे बोलला होता. तू कात्री चालवलीस की मशीन त्या शब्दावर खरेच बंद होईल.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, ते माझेच आहे, आणि खाली नावे असलेल्या दोघांच्या देखत मी सही करत आहे. दोघांनी आधी चहा घेतला. दोघांनीही, मी न सांगता, चमचे आडवे ठेवले.

सही: सिसिली मेरी प्रुएट, माहेरची गार्बट

साक्षीदार: एडिथ रॅस्ट्रिक, शेजारीण, निवृत्त परिचारिका
साक्षीदार: बर्नार्ड स्कॅफ, चर्चचा घंटावादक

स्थळ: लीड्स, यॉर्कशायर
दिनांक: १४ ऑक्टोबर २००६